दोन बोटं पाणी

तारापूरच्या बाजूला समुद्रकाठी मासेमारी करणाऱ्या मांगेल्यांची एक आळी आहे. तिथं दिवसाढवळ्या दार लावायची रीत नव्हती. घरातलं कुणी मेलं, नाहीतर सगळं घर परगावी लग्नाला गेलं, तरच दाराला कडी. एरवी दार सताड उघडं. कोंबड्या, पोरं, शेजारणी, सुक्या मासळीचा वास, सगळं आतबाहेर. परक्याला वाटायचं, काय मोकळी माणसं आहेत. मोकळी कसली? बायकांनी पिढ्यान् पिढ्या राखलेला तो पहारा होता. एखाद्या घरात नवऱ्याचा हात उठला आणि बाईचा आवाज आला, की शेजारची जाणती बाई उठायची, मीठ नाहीतर विस्तव मागायच्या निमित्तानं जायची आणि त्या घराच्या उंबऱ्यावर फतकल मारून बसायची. उंबऱ्यावर बाई बसली की मारणाऱ्यानं हात खाली घ्यायचा. तेवढी लाज आळीतल्या पुरुषांनी ठेवली होती. मार बंद व्हायचा असं नाही, पण निम्म्यावर थांबायचा.

हंसानं संसाराची पहिली बारा वर्षं अशा निम्म्या मारावर काढली.

ती मूळची केळव्याची. वामनला दिली तेव्हा सतरा वर्षांची होती. वामन नावाजलेला तांडेल, होडीचा म्होरक्या. खवळलेल्या समुद्रातून होडी आणावी तर त्यानंच. पाण्यावर असताना तो कुणाला अर्वाच्य बोलायचाही नाही. पण ज्येष्ठ सरता सरता होड्या वर ओढल्या की नारळी पुनवेपर्यंत हा माणूस घरात बसायचा, आणि बसला की प्यायचा, आणि प्यायला की त्याला सगळ्या वर्षाचे अपमान आठवायचे. व्यापाऱ्यानं केलेला, खलाशानं केलेला, कुणी कुणी केलेला. वड्याचं तेल वांग्यावर, तसं ते सगळं हंसाच्या पाठीवर निघायचं. हाताला येईल त्यानं मारायचा. बहुतेकदा होडीच्या दोराचा तुकडा, ओला आणि मिठानं कडक झालेला. हंसाचा डावा कान त्यातच गेला. लग्नाच्या चौथ्या पावसाळ्यात दोराची गाठ कानावर बसली आणि त्या बाजूनं तिला पुढं जन्मभर नुसती गाज ऐकू यायची.

नवसी नसती तर दुसराही गेला असता. नवसी शेजारची विधवा, वामनची लांबची काकी, हाडापेरानं मजबूत, आणि आवाज असा की वाऱ्याविरुद्ध हाक मारली तरी होडीत पोचावी. ती येऊन उंबऱ्यावर बसायची आणि मासळीची कोयती मांडीवर ठेवून म्हणायची, “विस्तव दे गो हंसा, माजी चूल इजली.” तिची चूल पावसाळ्यात फार वेळा विझायची.

एकोणऐंशी साली पापलेटचा हंगाम भरून आला आणि वामननं घर बांधलं. आळीतलं पहिलं स्लॅबचं घर. त्या घराचा त्याला कोण अभिमान! आणि त्या घरातच त्यानं सगळ्यात मोठी चूक करून ठेवली. वाळू खाडीवरून आणायची, गोड्या पाण्यात धुऊन घ्यायची, हे गवंडी सांगून थकला. वामन म्हणाला, दारात समुद्र असताना वाळू आणायला दुसरीकडे कोण जातो? किनाऱ्यावरची वाळू पाट्या भरभरून आणली आणि तशीच खारी सिमेंटात कालवली. दर्यावर भरवसा ठेवणाऱ्या माणसानंच करावी अशी ती चूक होती. मीठ काही भिंतीत गप्प बसत नाही. पहिल्याच पावसाळ्यात भिंतींना पाझर सुटला, लोणा लागून गिलाव्याचे पापुद्रे पडायला लागले, आणि सकाळी उठावं तर स्लॅबवरून थेंब टपटपत गोधडीवर. कोपऱ्यांत काळी बुरशी चढली. कपडे दोरीवर आठ आठ दिवस ओलेच राहायचे. हंसा फडकं घेऊन भिंती पुसायची आणि संध्याकाळी त्या पुन्हा ओल्या.

हे उघड बोलायची सोय नव्हती. घराला नाव ठेवणं म्हणजे वामनला नाव ठेवणं.

ब्याऐंशीत मुलगी झाली, शालू. दोन वर्षांची असल्यापासून तिला पावसाळ्यात धाप लागायची. आषाढात छाती भात्यासारखी खालीवर, ओठ निळे, रात्र रात्र बसून काढायची. पालघरच्या डॉक्टरांनी सगळं विचारून घेतलं आणि सांगितलं, औषध मी देतो, पण घरातली ओल आणि बुरशी गेल्याशिवाय पोरीची छाती सुटणार नाही. असाच एखादा पावसाळा जड जाईल, हेही सांगितलं. हंसानं घरी येऊन ते जसंच्या तसं वामनला सांगितलं. त्या दिवशी नवसी नागोठण्याला लेकीकडे गेली होती. उंबऱ्यावर बसायला कुणी नव्हतं. हंसा तीन दिवस उठली नाही. तीन दिवसांनी उठली तेव्हा तिनं एक गोष्ट मनाशी धरली: पोरीला मरू द्यायचं नाही. बाकीचं मग बघता येईल.

हंसा मासळी घेऊन अणुवीज केंद्राच्या वसाहतीत जायची. तिथं तिचं एक हक्काचं घर होतं, एका बंगाली बाईचं. ती बाई मासळी बोटानं दाबून, कल्ले उघडून बघायची, आणि म्हणूनच हंसाला तिच्याबद्दल आदर होता. तिच्या नवऱ्याला फोटोंचा नाद. कॅमेऱ्याच्या भिंगांना इथल्या हवेत बुरशी धरते म्हणून त्यानं एका खोलीत एक मशीन ठेवलं होतं. लोखंडी, ट्रंक उभी करावी एवढं, खाली चार चाकं. डिह्युमिडिफायर. हवेतली ओल आत ओढायचं, थंड नळ्यांवर तिचं पाणी करायचं, आणि ते खालच्या उघड्या खणातल्या बादलीत थेंब थेंब टाकायचं. हंसानं एकदा ती भरलेली बादली पाहिली आणि विचारलं, नळ तर दिसत नाय, मग पाणी कुठलं? बाई म्हणाली, हवेतलं. हंसाला वाटलं, थट्टा करते. मग तिनं त्या खोलीच्या भिंतीला हात लावून पाहिला. कोरडी ठणठणीत. आषाढात. हंसा तिथंच मटकन बसली आणि रडायला लागली.

शहाऐंशीच्या मे महिन्यात त्यांची बदली झाली तेव्हा बाईनं ते मशीन हंसाला देऊन टाकलं. शालूला तिनं पाहिलेलं होतं. मशीन जोडून द्यायला बोईसरचा फ्रीजवाला रामनाथ आला. त्यानं घर पाहिलं, भिंतीवर बोट फिरवून चाखलं, आणि खिडक्यांच्या फटी कागदानं बंद केल्या. जाताना त्यानं दोन गोष्टी हंसाला बजावल्या. एक, दार-खिडक्या बंद पाहिजेत. “दरवाज़ा खुला रखोगी तो पूरा समुंदर सुखाना पड़ेगा,” तो म्हणाला. दुसरी, बादलीत एक तरंगता खटका आहे. बादली काठाला आली की मशीन आपोआप थांबतं, ओतून परत ठेवली की सुरू होतं.

आळीनं त्या मशीनला ओलखाऊ म्हणायला सुरुवात केली. जो तो बघायला यायचा आणि हंसा हळूच म्हणायची, दार लोटा. हवेतून बादलीभर पाणी निघतं हे बघून म्हाताऱ्या तोंडावर हात ठेवायच्या. नवसी ते पाणी धुण्याला न्यायची आणि म्हणायची, वामनच्या भिंती बऱ्या, विहिरीवर जायला नको. मशीन होडीच्या इंजिनासारखं घरघरत राहायचं. पण त्या वर्षी आषाढ आला, आणि शालू रात्रभर आडवी झोपली. हंसा जागीच होती. पोरीच्या नाकाशी हात धरून ती सकाळपर्यंत बसली. एवढं सुख तिला त्या घरात पूर्वी कधी झालं नव्हतं.

आठव्या दिवशी वामन दुपारचा पिऊन आला. आत आला, वळला, आणि दाराला कडी घातली.

मारायचं कारण अगदी क्षुल्लक होतं, ते सांगण्यात अर्थ नाही. सांगायचं ते हे, की हंसा ओरडली आणि ओरडणं मशीनच्या घरघरीत बुडालं. नवसीला तरी संशय आला. ती आली, तिनं दार वाजवलं, विस्तव मागितला. वामन आतून अगदी शांत आवाजात म्हणाला, “दार उघडता येत नाय, काकी. ओल आत आली की पोरीला धाप लागते. डाक्टरनं सांगितलंय.” आणि दोराचा पुढचा फटका हाणला. नवसी भर पावसात बंद दाराबाहेर उंबऱ्यावर बसून राहिली. पण बंद दाराच्या उंबऱ्याला कोण विचारतो? तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हा. आळीनं शंभर वर्षं राखलेला पहारा एका मशीननं मोडून काढला.

या माणसाचा मला सगळ्यात जास्त राग येतो तो इथं. मारणारे खूप पाहिलेत. पण स्वतःच्या पोरीचा श्वास दाराला अडसर म्हणून लावणारा हा एकच.

त्या पावसाळ्यात निम्मा मार पुरा झाला. दोन बरगड्या गेल्या, समोरचा दात गेला. नवसीनं सांगितलं, ते यंत्र समुद्रात ढकल आणि दार उघडं टाक. हंसानं चार दिवस मशीन बंद ठेवून पाहिलं. चौथ्या दिवशी शालूचे ओठ निळे पडले आणि डोळे वर फिरले. हंसानं उठून बटण दाबलं आणि स्वतःच्या हातानं दार लावून घेतलं. तिनं मार निवडला. दुसरं निवडायला तिच्यापुढं काही नव्हतंच.

पुढच्या वर्षीचा आषाढ येईतो मात्र हंसा विचार करत राहिली. बादली रोज तीच ओतायची. वामननं तिला कधी हात लावला नव्हता. ते बायकी काम. त्यामुळे खटक्याची गोष्ट त्याला ठाऊकच नव्हती. घरघर गेली तर वीज गेली, एवढंच त्याला कळायचं. त्याच्यादेखत बटणाला हात लावायची सोय नव्हती, म्हणून हंसानं बादलीच्या आत कोळशानं खूण केली, काठापासून दोन बोटं खाली. वामन प्यायला गेला की ती बादली त्या खुणेपर्यंत भरलेली ठेवायची आणि शेजारी पाण्याचा तांब्या. तांब्या ओतला की खटका पडणार. मग एकदा मासळी सुकवायच्या ओट्यावर तिनं नवसीला सगळं समजावलं. म्हणाली, “मशीन थांबलं नि आमचा दिवा चालूच दिसला, तर वीज गेलेली नाय. तेव्हा ये. एकटी येऊ नको.”

आषाढी अमावास्येचा दिवस. दुपारी रामनाथ मशीनची जाळी साफ करायला आला होता. तो निघाला तेव्हा पडवीत वामन आणि त्याचे चार सोबती पत्ते खेळत बसले होते. त्यांच्यादेखत तो सरळ मनानं बोलून गेला, की दीवार में नमक है सेठ, समुंदर की रेती लगाई है, ये मशीन ज़िंदगीभर चलानी पड़ेगी. सोबती हसले. एकानं विचारलं, वामन, घर बांधलंस की भरणीत लोणचं घातलंस? वामनही हसला. सगळ्यांबरोबर पिऊन दिवेलागणीला तो घरात आला आणि त्यानं कडी घातली. तोवर तो अजून हसतच होता.

हंसानं त्याचा चेहरा पाहिला आणि ती तांब्याकडे सरकली. त्याची पहिलीच लाथ तांब्याला बसली. तांब्या भिंतीवर आपटला, पाणी जमिनीवर पसरलं.

मग दोर. पाठीवर, मांड्यांवर, हात वर केले तर हातांवर. हंसा भिंतीला टेकली तेव्हा त्या कोरड्या भिंतीवर तिच्या रक्ताचा पट्टा उमटला. हे नेहमीचं होतं, सोसता येणारं होतं. पण दम घ्यायला वामन थांबला, आणि त्याची नजर खाटेवर अंग चोरून बसलेल्या शालूवर गेली. तो म्हणाला, “हिच्यापायी. हिला श्वास घेता येत नाय म्हणून माज्या घराला नाव.” आणि तो दोर हाताला गुंडाळत खाटेकडे निघाला. पोरीवर त्यानं आजवर हात उचलला नव्हता.

हंसानं त्याचे पाय धरले. तिचं डोकं जमिनीवर आपटलं, तरी सोडले नाहीत. तो तसाच तिच्यावर दोर ओढत राहिला, मग थकला, खाटेच्या कडेवर बसला आणि त्यानं कनवटीची बाटली काढली. शालू त्याच्यापासून एका हातावर होती. बाटली संपली की तो उठणार होता.

मशीन घरघरत होतं. बादलीत थेंब पडत होते, एक, मग थोड्या वेळानं आणखी एक. दोन बोटं भरायला तासभर तरी जाईल हे हंसाला पक्कं ठाऊक होतं. जमिनीवर तांब्यातलं पाणी पसरलं होतं, आणि ती त्यातच पडली होती. तिच्या लुगड्याचा पदर त्यानं निथळत होता.

ती कोपरांवर उठली. पदराचा बोळा केला, जमीन पुसली आणि बादलीत पिळला. परत पुसली, परत पिळला. वामन बघत होता. त्याला काय वाटणार? बाई जमीन पुसते आहे. “पूस,” तो म्हणाला, “नीट पूस. माज्या घरात ओल नको.” हंसा पुसत राहिली. पाणी लाल होत चाललं होतं. एक बोट राहिलं. ती कोपऱ्यापर्यंत सरपटत गेली, तिथलं थारोळं टिपलं, सरपटत परत आली. बाटली संपली. वामन उठला, आणि त्यानं शालूच्या केसांना धरून तिला खाटेवरून ओढली. हंसानं दोन्ही हातांनी पदर पिळला.

खट्ट झालं आणि घरघर थांबली.

शालूची किंकाळी आळीच्या त्या टोकापर्यंत गेली. वामननं चमकून दिव्याकडे पाहिलं. दिवा जळत होता. शालूचे केस न सोडता त्यानं मशीनला लाथ मारली, डाव्या हातानं बटण दाबून पाहिलं, काही होईना. आणि बाहेर पावलं वाजायला लागली, एकाची नाही. दारावर थाप पडली. वामननं आवाज शांत केला आणि तेच जुनं सांगितलं, की पोरीची धाप, दार उघडता येत नाही.

नवसी बाहेरून म्हणाली, “मशीन तर बंद हाय, वामन. मग दार कशाला बंद?”

वल्ह्याच्या तिसऱ्या तडाख्याला दार बिजागरीतून निघालं. आत दहा-बारा बायका शिरल्या. कुणाच्या हातात मासळी वाळवायचा बांबू, कुणाच्या हातात पाटी, नवसीच्या हातात कोयती, पण उलटी धरलेली. त्यांनी त्याला जे मारलं ते एका हंसासाठी मारलं असं मला वाटत नाही. प्रत्येकीचा निम्म्यावर थांबलेला काही ना काही हिशेब होता. तरी दोर त्याच्या मुठीतच होता आणि मूठ शालूच्या केसांत. हंसानं बादली उचलली. भरलेली लोखंडी बादली तिनं खांद्यावर नेली आणि त्याच्या मनगटावर घातली. हाड मोडल्याचं तिला चांगल्या कानानं ऐकू आलं. मूठ सुटली. दिवसभर त्या घरानं गाळलेलं सगळं पाणी वामनच्या अंगावर सांडलं.

हंसानं रिकामी बादली खणात सरकवली. मशीन घरघरायला लागलं. तिनं शालूला छातीशी घेतलं, तिचा श्वास ऐकला आणि बायकांना म्हणाली, “आता सगळ्या बाहेर व्हा. दार लावायचंय. पोरीला ओल बाधते.”

वामन खाटेला धरून उठू लागला.

“तू पण,” हंसा म्हणाली. “ओल बाहेरच राहील.”

नवसीनं त्याला दंडाला धरून पडवीत नेऊन बसवलं. मोडलेलं दार त्या रात्री बायकांनी जुन्या होडीच्या फळ्या ठोकून उभं केलं. दुसऱ्या दिवशी पंच जमले; पुरुषाला त्याच्याच घरातून काढायचं म्हणजे काय, असं त्यांचं म्हणणं. हंसानं दार किलकिलं करून त्यांना सांगितलं, उघडं ठेवून बोलता येणार नाही, पोरीला धाप लागते. डॉक्टरनं सांगितलंय. पंच निघून गेले.

वामन पुढं नऊ वर्षं पडवीत राहिला. उजवं मनगट वाकडंच जुळलं, त्या हातानं त्याला सुकाणू धरता येईना, आणि तांडेल म्हणून त्याला कुणी बोलावेना. ब्याण्णवात नवसी गेली, तेव्हा तिच्या तिरडीला खांदा द्यायला तो उठला होता. बायकांनी देऊ दिला नाही. शालू मोठी झाली, पालघरला शिकायला जायला लागली. मशीन रामनाथनं चारदा दुरुस्त केलं.

पावसाळ्यात रोज सकाळ-संध्याकाळ फळ्यांचं ते दार वीतभर उघडायचं आणि भरलेली बादली बाहेर यायची. वामन ती डाव्या हातानं उचलायचा, अंगणापलीकडे ओतून यायचा आणि उंबऱ्याशी आणून ठेवायचा. आतून हात यायचा, बादली घ्यायचा, आणि कडी लागायची.